वत्सलाबाईंची विमानातली जागा

दुपारी तीनच्या सुमाराला प्रविण मोबाइल घेऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "माय, इकडं सरक. तुझी विमानातली जागा धरायची हाय."

वत्सलाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. महिना झाला, अंगातला शीण उतरायचं नाव घेत नव्हता. पासपोर्टची एक खेप, बोटांचे ठसे द्यायला पुण्याची दुसरी, शिवाय डिंक निवडणं, मसाले कुटणं. उद्या रात्री मुंबईहून विमान. लेक दिपाली कॅनडात, पहिलं बाळंतपण, आणि जवळचं माणूस म्हणाल तर एकटा नवरा. त्यामुळे जायचं की नाही, असा प्रश्नच नव्हता.

"जागा इथूनच धरायची? चौसाळ्यात बसून?"

"हो. हे बघ. हिरवे चौकोन मोकळे, राखाडी भरलेले."

वत्सलाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "डायवरच्या मागची बघ. चाकावरची नको बाबा, लई आदळतंय."

आत लाडू वळत बसलेली सून मंगल खुदकन हसली. "आत्याबाई, विमान हाय ते, बीडची एसटी न्हाई."

"हवेत बी खड्डे असतेत. दुबईला जाऊन आलेला शहादेव सांगत होता."

पण प्रविणने जागा आधीच हेरून ठेवली होती. एकोणतीस ए. खिडकीची. "माय, एकोणीस वर्षं तू ऊस तोडायला गेलीस. ट्रकच्या फाळक्याआड, भांड्यांच्या मधी बसून. दिसलं काय तुला? आता ढग बघत जा. समुद्र बघ. मस्त डोकं टेकव अन् झोप."

तो इतकं मनापासून बोलत होता की वत्सलाबाईंना नको म्हणवेना. त्यांची नजर त्या एकोणतीस एच्या शेजारी खिळली होती. तिथे दोन चौकोन होते, दोन्ही राखाडी.

"अन् बाहेर यायचं कुठून?"

"ह्या दोघांच्या म्होरून. एक्स्क्यूज मी म्हणायचं, उठतेत लोकं."

"किती तास म्हणालास?"

"पयलं विमान चार तास. दुसरं चौदा."

चौदा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून लघवी धरवत नव्हती. शिंक आली तरी भीती. तासाभराने उठावंच लागे. बीडला जायचं तर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. धुण्यावरून मंगलच्या लक्षात आलं असावं, पण दोघींनी तो विषय कधी काढला नव्हता. आणि हे लेकाला सांगायचं? ते त्यांच्याने व्हायचं नव्हतं.

"कडेची घे की," त्या म्हणाल्या.

"कावून? खिडकी मिळतीय तर?"

"पाय आखडतेत."

"खिडकीला बी तेवढीच जागा असती."

"मला गरगरतं खाली बघून."

"मग झाकण लावून घे. तसली सोय असती."

पोराकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. शिकलेलं लेकरू, कृषी केंद्रात दिवसभर गिऱ्हाइकांना समजावून समजावून तयार झालेलं. वत्सलाबाई दमल्या. वाद घालायलाही बळ लागतं.

"दाबू का मग? भरत चालल्यात जागा."

त्याचं बोट खाली येताना बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आरं, अन् गाठोडं पडलं तर?"

प्रविण हसला. "विमानात सामान वर कप्प्यात कोंबतेत, माय. दार लावतेत. पडत न्हाई."

आत लाडू वळणारे हात थांबले. मंगल डिंकाच्या हातांनीच दारात आली. तिचे आईवडीलही ऊसतोडीलाच जायचे. "अहो," ती हळूच म्हणाली, "गाठोडं पडलं म्हणून ट्रक थांबवायचे ना तुमच्या टोळीत?"

"थांबवायचे की. मीच तर ल्हानपणी केबिनवर काठी हाणायचो. बायका म्हणायच्या, वरड रे प्रविणा, गाठोडं पडलं. मी वरडायचो. आमच्या टोळीतल्या बायकांची गाठोडी लई पडायची."

"मग एखादं गाठोडं कुणी उचलून आणलेलं बघितलं का तुमी कधी?"

प्रविणने मोबाइल मांडीवर ठेवला. ट्रक थांबला की पुरुष विड्या पेटवत तोंड फिरवून उभे राहत. बायका घोळक्याने बाभळीआड जात. रिकाम्या हातांनी परत येत. तो आईकडे बघायला गेला, पण वत्सलाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत जमिनीकडे पाहत होत्या. त्याने मान परत मोबाइलमध्ये घातली.

बराच वेळ तो पडदा वरखाली सरकवत राहिला. "कडेची एकच ऱ्हायलीय," शेवटी म्हणाला. आवाज उगाच मोठा होता. "पार मागं. बाथरूमला चिकटून. पण माय, तिथं वास येतो. लोकं सारखी रांगेत उभी असतेत. पाठ मागं पडत न्हाई खुर्चीची. आख्ख्या विमानात कुणी घेत न्हाई ती जागा."

"तीच घे."

"झोप लागायची न्हाई तुला."

"लागंल."

त्याने दाबलं. मग न विचारताच मुंबईच्या पहिल्या विमानातलीही कडेची धरली. मंगल आत गेली होती.

"माय, उसाला असताना उन्हाळ्यात बी तुमी बायका दिवसभर पाणी न पिता..." त्याने विचारायला सुरुवात केली खरी.

"झालं न्हवं धरून?" वत्सलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मी जरा पडते, बाबा. पाठ लई भरून आलीय."