शेळपट

आमच्या आळीत माझ्याइतका धीट गडी शोधून सापडायचा नाही. काल कुत्रं आलं तेव्हा मी दोन्ही पाय वर घेऊन कट्ट्यावर बसलो होतो, एवढंच.

कुत्रं आलं होतं शेजारच्या दामूच्या करडावर. शेळीनं करडाला मागं घातलं, शिंगं रोखली आणि पाय आपटला. कुत्रं थबकलं, उगाच इकडंतिकडं हुंगलं आणि गेलं निघून. शेळी परत पाला खायला लागली.

मला मात्र बसवंना. भित्र्या माणसाला आपण शेळपट म्हणतो. परवा ग्रामसभेनंतर मी दामूलाच तसं म्हणालो. त्याची शेताची वाट बांधाशेजारच्यानं अडवलीय. "तू नुसता उभा राहा, साक्ष मी देतो," असं मीच त्याला सांगितलेलं. दामू उभा राहिला, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो. तो एकटा गडबडला, खाली बसला. बाहेर आल्यावर चारचौघांत मीच म्हणालो, "दाम्या, शेळपट रं तू." लोकं हसली. वाट बंदच राहिली.

ज्यानं हा शब्द काढला त्यानं शेळी बघितली नसावी. नायतर माझ्यासारखी, पाय वर घेऊन बघितली असावी.

बायकोला म्हणालो, "उद्या जातो दामूकडं. चुकलं म्हणतो. पुढच्या सभेला साक्षबी देतो म्हणतो."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दामूभावजी आत्ता त्यांच्या दारातच बसल्यात. उद्या कशाला? त्यास्नीबी भेताय व्हय?"