सासूबाईंचे पाच सागरगोटे

ये, अशी जवळ सरक. हे पत्र उभ्याउभ्याने वाचू नकोस, गॅसवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून. ओळखते मी तुला. मागच्या वेळी आलीस तेव्हाही खांद्यावरची पर्स खाली ठेवली नव्हतीस. तुझी लेक माझ्या पलंगाखालची पिशवी काढून तुझ्यापुढे उभी राहिली, सागरगोटे ओंजळीत घेऊन. "आई, एकच डाव." आणि तू काय म्हणालीस? "मी काय आता लहान आहे का गं?" पोरीची ओंजळ तशीच पुढे राहिली. मग माझ्याकडे बघून बसलीस खरी, दोनदा झेललंस, आणि घड्याळ बघून उठलीस. डाव अर्धा टाकून! तेव्हा काही बोलले नाही मी. आज बोलते. नातीला रागवायचं नाही तर कुणाला रागवायचं?

ते सागरगोटे कुणाचे, हे तुला कधी सांगितलंच नाही. ऐक.

मुलुंडला राहायचो आम्ही तेव्हा, पन्नासनंतरची वर्षं ती. कौलारू बैठी चाळ, दोन खोल्या, पुढे अंगण, मागे ओटा. ओट्यापलीकडे सामाईक विहीर आणि एक फणस. त्याच्या पुढे काहीच नाही बघ, गवत, आणि लांब खाडीकडे मिठागरं. दुपारी तिथलं पाणी असं चकाकायचं की बघता बघता डोळ्यांवर झापड यायची. आज त्या जागी काय काय उभं आहे म्हणतात. मी काही बघायला गेले नाही. माझ्या डोळ्यांत आहे ते बरं आहे.

मी बावीस वर्षांची. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदांवर. तुझी आई पाळण्यात. आजोबा तुझे गोदीत कारकून, सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला यायचे. आणि घरात सासूबाई, तुझ्या आईची आजी. मूळच्या मालवणकडच्या. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं थोडं. पण भाकरी! तांदळाची भाकरी थापायला बसल्या की परातीत नुसती चांदणी फिरायची. चाळीतल्या बायका बघायला यायच्या.

मला त्यांची भीती वाटायची. का ते सांगते. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. काकूने वाढवलं, नीट वाढवलं, पण आईसारखं कुणी रागावलं नव्हतं मला, की गोंजारलंही नव्हतं. त्यामुळे या बाईशी वागायचं कसं तेच कळेना. त्या ओरडल्या की मी गप्प. मला गप्प बघून त्या आणखी गप्प.

एका आषाढात विहिरीच्या शेवाळावर त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं. गणपतीपर्यंत पट्टी सुटली, हाड जुळलं होतं, पण बोटं मिटेनात. अंगठा करंगळीपर्यंत सोड, मधल्या बोटालाही टेकत नव्हता. वैद्य म्हणाला, चोळत राहा, होईल हळूहळू. सासूबाईंनी चार दिवस चोळलं आणि पाचव्या दिवशी लेकाला सांगितलं, "माझो हात गेलो. मी गावाक जातलंय. भावाकडे रवतलंय. बसून खावक माका जमाचा नाय."

आजोबा समजावून थकले. शेवटी म्हणाले, "बरं, दिवाळी होऊ दे." पावसाळ्यात बंद असलेल्या कोकणच्या बोटी तर सुरूही झाल्या होत्या.

खोटं कशाला बोलू? पहिले दोन दिवस मला हलकं वाटलं. घरात माझ्या मनासारखं पडवळ चिरीन, दुपारी जरा लवंडीन, असले विचार. मग तिसऱ्या दिवशी दुपारी मी जागी झाले आणि मागच्या दारातून बघितलं. ओट्यावर सासूबाई पाठमोऱ्या बसलेल्या. समोर परात, पिठाचा गोळा. थापायला गेल्या की गोळा एकीकडून फाटायचा. पुन्हा मळायचा, पुन्हा थापायचा. किती वेळ चालला होता तो उद्योग कोण जाणे. शेवटी त्यांनी तो गोळा फणसाखाली कावळ्यांना टाकला आणि परात इतकी घासली, इतकी घासली, की पीठ लागल्याचा मागमूस राहू नये. मी पुन्हा जाऊन डोळे मिटून पडले. पण माझं हलकं वाटणं तिथेच संपलं. ही बाई गेली तर हे घर मला मोठं होईल, असं वाटून गेलं. पण "जाऊ नका" म्हणायला तोंड उघडेना. सवयच नव्हती ना.

दसऱ्यानंतर त्यांनी ट्रंक आवरायला काढली. एका हाताने जमेना म्हणून मला हाक मारली. लुगड्यांच्या तळाशी एक खारव्याची, जाड लाल कापडाची पिशवी निघाली. मी सहज उलटी केली तर ओट्यावर पाच सागरगोटे गडगडले. करडे, गुळगुळीत, हाताळून हाताळून आरशासारखे झालेले.

"टाकून दी," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात गुपचूप आणलेले. शिंगूळच होतंय तेव्हा." म्हणजे पोरच होते तेव्हा.

आता मला काय झालं ते मलाही माहीत नाही. पाळण्यात पोर झोपलेली, पाणी भरून झालेलं, ऊन ओट्याच्या कडेला येऊन थांबलेलं. सागरगोटे घरात खेळायचे नाहीत, घरात भांडणं लागतात म्हणायचे, पण ओटा घरात थोडाच येतो! मी मांडी घातली, चार पसरले, एक उडवला. हाताला आठवत होतं गं! काकूच्या अंगणात मी खेळायची, सोळाव्या वर्षी लग्न ठरलं त्या दिवशी माझे गोटे मैत्रिणीला देऊन टाकले होते. सहा वर्षांत एकदाही आठवण नव्हती आली. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. दोन उचलायला गेले आणि वरचा चुकला.

"काय गो ह्या?" मागून आवाज आला. "एका चेडवाची आवस झालंस, आणि ह्या काय खेळतंस?"

एका मुलीची आई होतेच की मी. माझी मान खाली. मी गोटे गोळा करायला लागले. तर सासूबाई लुगडं घडी करायचं सोडून म्हणाल्या, "आणि खेळतंस तां तरी धड खेळ! खांद्यातून कित्याक उडवतंस? मनगटातून उडव."

मी मनगटातून उडवला. चुकला.

"तसा न्हय. बघणां सोड वर. गोटो कुठे जाता तो हाताक म्हायत असता."

तिसऱ्यांदा चुकला तेव्हा त्यांना राहवेना. बसल्या समोर. उजवा हात पुढे केला, आणि मग तो हात आठवला त्यांना. तसाच मागे घ्यायला लागल्या. मी घाईघाईने म्हटलं, "आई, उलट्या पंजाला बोटं मिटावी लागत नाहीत."

खरंच की. पाचही गोटे उडवून हाताच्या पाठीवर झेलायचे, त्याला पंजा सरळच लागतो. त्यांनी डाव्या हाताने गोटे उजव्या तळव्यावर ठेवले, उडवले, पंजा पालथा केला. तीन बसले! ताठ बोटांवर, कौलावर चिमण्या बसाव्या तसे. सासूबाई त्या तीन गोट्यांकडे बघत राहिल्या. मग एक गोटा त्यांनी ओट्याच्या दगडावर घास घास घासला आणि माझ्या कोपराला टेकवला.

घासून तापलेल्या गोट्याचा असला चटका बसला! मी किंचाळले, पोर जागी झाली, शेजारची बाई खिडकीतून विचारती झाली, "काय गं, विंचू का?" आणि सासूबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी त्यांचं हसणं. बारीक होतं, एखाद्या मुलीचं असावं तसं.

तिथून पुढे रोज दुपार झाली की ओटा. कधी मी पोर निजवून बाहेर येई तर त्या आधीच बसलेल्या, पिशवी मांडीवर. त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. फणसाची सावली हळूहळू आमच्यावरून सरकायची. लांब मिठागराचं पाणी पांढरं, मग पिवळं, मग तांब्याचं. विहिरीवरचा रहाट करकरायचा आणि थांबायचा. गोटे दगडावर टक् टक् वाजायचे, पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. किती वाजले, कुणाला ठाऊक नसायचं. मी सासूबाईंना शाळेतल्या गोष्टी सांगायची, त्या मला समुद्रकाठी काटेरी जाळीत हात घालून सागरगोटे कसे काढायचे ते सांगायच्या. आणि भांडायचो! तुझे आजोबा एकदा लवकर आले तर दोघी हातवारे करून उभ्या.

"रडी खेळतंस! तुझो हात लागलो, मी बघलंय!"

"नाही लागला, आई! शपथ!"

आजोबा छत्री हातात तशीच धरून म्हणाले, "अगं, काय झालं? कोण पडलं?"

"तुझी बायल रडी आसा," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. आजोबा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होते.

एक नियम मात्र कडक. दिवेलागण झाली की खेळ बंद. गोटे पिशवीत. माझ्या माहेरच्या आळीत होता तोच त्यांच्याही वाडीत होता, गंमत वाटली मला. अर्धा डाव जिच्यावर राहील तिने दुसऱ्या दिवशी येऊन तो द्यायचाच. नाही आली तर ती रडी, महिनाभर तिला कुणी खेळायला घेत नसे.

हाताचं म्हणशील तर थोडा फरक पडला. अंगठा मधल्या बोटापर्यंत आला. पण भाकरी नाही जमली, ती पुढेही कधी जमली नाही. आणि सासूबाईंनी जायचं सोडलं नव्हतं. दिवाळी झाली, पाडवा झाला, आजोबांनी तिकीट आणून देवापाशी ठेवलं. ट्रंकेला दोरी बांधली. बोट दुसऱ्या दिवशी सकाळची.

त्या दुपारी मला वाटलं आज त्या येणार नाहीत. पण आल्या. दोघी खेळलो. माझा डाव झाला, त्यांचा आला. आत पाळण्यात पोर कुरकुरत होती. शेजारच्या घरातून निरांजनाच्या तुपाचा वास आला, म्हणजे दिवेलागण झालीच. त्यांचा शेवटचा उलटा पंजा. चार बसले की डाव फिटला, मग कुणाचं काही राहिलं नाही, सकाळी बोट.

त्यांनी उडवले. मी बघत होते. चार बसले गं. हाताच्या पाठीवर चारही, अगदी नीट. आणि मग तो हात किंचित कलला. दोन घरंगळले, ओट्यावरून खाली मातीत.

हात थकला होता का? असेल. दुखणारा हातच तो. मी त्यांच्या तोंडाकडे नाही बघितलं. त्यांनीही माझ्याकडे नाही. मातीतले दोन गोटे मी उचलले, पदराला पुसले, पिशवीत टाकले. आणि माझ्या तोंडून, जे तोंड इतके दिवस त्यासाठी उघडत नव्हतं, त्या तोंडून निघालं, "आई, डाव तुमच्यावर आहे. न देता जाऊ नका."

त्या उठल्या, आत गेल्या, देवापाशी दिवा लावला. मी दारात उभी. आजोबा नुकतेच येऊन टोपी खुंटीला लावत होते. सासूबाईंनी दिव्याशेजारचं तिकीट उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"ह्या परत कर."

"का? काय झालं?"

"माझ्यावर डाव आसा."

"कसला डाव? कुणाचा?"

"तुका नाय कळाचा," त्या म्हणाल्या. "पुरुष माणसाक नाय कळाचा. परत कर म्हटलंय ना?" मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "आणि तू काय खांबासारखी उभी? भात करपलो बघ!"

खरंच करपला होता. जन्मात इतका गोड भात खाल्ला नाही मी.

त्या पुढे बारा वर्षं आमच्याकडे होत्या. ट्रंक माळ्यावर गेली ती गेली. तुझी आई त्यांच्याकडूनच शिकली, मनगटातून उडवायचं. आम्ही रोज काही खेळलो नाही, संसार वाढला, दुपारी कमी झाल्या. पण खेळलो की संध्याकाळी कुणा ना कुणावर डाव राहायचाच. त्या संध्याकाळचं मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं असलं काही. आता माझ्या हातालाही तसंच होतं, सकाळी बोटं मिटायला वेळ लागतो. पण उलटा पंजा जमतो अजून. परवाच तुझ्या लेकीच्या आठवणीने एकटीने खेळून बघितलं. तीन बसले.

पाचही गोटे पुसून पिशवीत ठेवलेत. तू मागच्या वेळी दोन झेलून उठलीस, तुझा अर्धा डाव तसाच आहे, मी कुणाला देऊ दिला नाही. पोरीला घेऊन ये. पर्स दाराशीच ठेव, घड्याळही. मांडी घालता येत नसेल तर पाटावर बस. इथेही मागे ओटा आहेच, ऊन त्यावर असतानाच ये, दिवेलागणीच्या आत, म्हणजे वेळ मिळेल. आणि संपलाच नाही डाव, तर राहा की उद्यापर्यंत.