अण्णांचा पैलवान

दुबलगुंडीचे गुंडप्पाअण्णा किराणा विकत, पण बोलत फक्त कुस्तीवर. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या जत्रेत त्यांचा लाडका बंदगी पैलवान हरला. पैसे खाऊन पडला, असं सगळे म्हणाले.

"खांदा निखळला व्हता त्याचा! तुमचे डोळे हायत का चिंचुके?" अण्णा आठवडाभर दुकानात भांडत राहिले.

काल ते गेले.

आज लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती होती. भजन चालू होतं. शेजारचे अंकुशराव हळूच म्हणाले, "पैशालाच पडला बगा तो."

सवयीनं सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

मी ती कुस्ती पाहिली नव्हती, दुकानात अण्णांचं भांडण तेवढं ऐकलं होतं. तरी म्हणालो, "न्हाई काका, खांदा निखळला व्हता."

"व्हय," अंकुशराव म्हणाले.

कुणीच भांडलं नाही.