‘खंय?’ म्हणून विचारायचं नसतं

आमच्याकडे घरातून बाहेर पडणाऱ्याला ‘खंय?’, म्हणजे ‘कुठे?’, म्हणून कोणी विचारत नाही. विचारलं की काम फिसकटतं. फार तर ‘लांब काय?’ म्हणतात. मालवणात चाळीस-बेचाळीस वर्षं मी ही रीत पाळली आणि तिच्यात काही धोका असेल असं मला कधी वाटलं नाही.

माझी धाकटी बहीण मस्कतला असते. मेहुणे तिथे एका गोदामावर कामाला आहेत. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं, पण आईचा पासपोर्ट काढायला मी चालढकल केली, मूलही दिवसांच्या आधी झालं, आणि बहीण परक्या गावात आईवाचून बाळंत झाली. आई मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. निदान आता तिला धडधाकट नेऊन धडधाकट परत आणायचं, एवढं मी मनाशी घट्ट धरलं.

शेजारच्या गृहस्थांनी कुवेतला काही वर्षं काढली होती. त्यांनी मला ओट्यावर बसवून परदेशातल्या शहरात कसं वागायचं ते समजावलं. पासपोर्ट अंगावेगळा करायचा नाही. पत्ता कायम जवळ हवा. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, एकट्याने भटकायचं नाही. माझ्या बायकोने लगेच कमरेला बांधायची कापडी पिशवी शिवली. दोघांचे पासपोर्ट आणि बहिणीचा पत्ता मी त्या पिशवीत घातला.

“आणि माझी पिशवी?” आईने विचारलं.

“तुका कित्याक होई? तू माझ्याच वांगडा असतलंस.”

“मगे तूच माका पिशवीत घालून ने,” आई म्हणाली.

निघायच्या दिवशी सगळे ओट्यावर जमले. वाडीतल्या बायकांनी ‘लांब काय गो?’ म्हणून विचारून घेतलं. आईने पायात वहाणा घातल्या, आणि तेवढ्यात आमच्या मागच्या खोलीत राहणारे मास्तर बाहेर आले. ते घाटावरचे, बदली होऊन नुकतेच आलेले. त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, “काय काकू, कुठं निघालासा?”

आईने वहाणा काढल्या. आत जाऊन बसली, पाणी मागितलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि देवाला हात जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिकडे एसटीची वेळ होत आली होती. आपण काय केलं ते मास्तरांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा ते बिचारे लुंगीवरच स्टँडकडे धावले आणि आम्ही पोचेपर्यंत कंडक्टरशी बोलत गाडीच्या दारात उभे राहिले.

मस्कतला विमानतळावरून येताना उघड्याबोडक्या डोंगरांच्या पलीकडे पाणी दिसलं. आईने टॅक्सीच्या काचेला नाक लावलं. “ह्यो आपलोच समुद्र मां रे?”

“होय, अरबी समुद्रच,” मी म्हणालो. माझं लक्ष पिशवीकडे होतं.

बहिणीची खोली मस्कतच्या मत्रह भागात, बाजारामागे, एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे कामावर गेले. मी भाच्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. दारातून आईचा आवाज आला, “येतंय रे.”

“ये गो,” मी म्हणालो. मालवणात म्हणतो तसंच.

तिच्यासाठी झाकून ठेवलेला चहा गार झाला. आतून बहिणीने विचारलं, “दादा, आये खंय गेली?”

आई गेली होती आणि कुठे गेली ते मला ठाऊक नव्हतं. तिला मालवणीशिवाय भाषा येत नव्हती. तिचा पासपोर्ट माझ्या कमरेला होता. पत्ताही माझ्याच कमरेला होता. शेजाऱ्यांनी सांगितलेला एकेक नियम मी पाळला होता, फक्त आईच्या वाटणीचेसुद्धा मीच पाळले होते.

“खाली दुकानात गेली आसा,” मी ओल्या बाळंतिणीशी खोटं बोललो आणि मूल तिच्या कुशीत दिलं.

घरी असतो तर मला कळलं असतं. आई काय घेऊन गेली ते पाहायचं. मासळीची टोपली नसली तर बाजार, फुलांची परडी नसली तर देऊळ. मी तशीच खोली न्याहाळली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने मालवणहून आणलेला नारळ ठेवला होता. तो तिथे नव्हता.

मग मात्र मी दोन-दोन पायऱ्या उतरलो. आमच्या लोकांनी नव्या जागी वस्ती केली की तिथल्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, नारळ द्यावा लागतो. इथला राखणदार कोण ते आईला माहीत असणं शक्य नव्हतं. ओळखीचा एकटा समुद्रच होता.

अनोळखी माणसांशी बोलायची वेळच आली नाही. हिरवी नऊवारी नेसलेली, हातात नारळ घेतलेली बाई त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली असावी. माझा चेहरा बघूनच एका कापडवाल्याने हात केला, पुढे अत्तरवाल्याने केला, आणि सगळे हात समुद्राकडे होते.

आई धक्क्याच्या कडेला उभी होती. खाली छोट्या होडीत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा जाळं आवरत होता.

“इलस? मी कवाची थांबलंय,” ती म्हणाली. “गाऱ्हाण्याक व्हय म्हणाक कोणतरी होयो मां.”

वडील गेल्यापासून आमच्या घरचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, आईच घालते. तिने नारळ समोर धरला. मला धाप लागली होती, तरी मी हात जोडले.

“बा समुद्रा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या ह्या दुसऱ्या काठार इली आसत. ह्या नव्या जिवाची राखण कर.”

“व्हय म्हाराजा.”

“माझ्या चेडवाच्या अंगात ताकद येवंदे.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ह्या माझ्या झिलाक जा भय लागला आसा, ता दूर कर. कमरेची पिशवी बांधूनच निजता तो.”

माझा एक हात पिशवीवर गेला.

“व्हय म्हण रे मेल्या.”

“व्हय म्हाराजा.”

नारळ पाण्यात पडला आणि लाटेबरोबर परत भिंतीशी आला. होडीतल्या म्हाताऱ्याने वल्ह्याने त्याला अलगद पुढे ढकललं. “बरो माणूस आसा,” आई म्हणाली.

परतताना मी रागवायचा प्रयत्न केला. “माका सांगून जावक नको?”

“तू इचारलंस नाय.”

“असा इचारतत काय?”

“नाय,” आईने कबूल केलं. थोडी चालली आणि म्हणाली, “तू इचारू नको. मीच सांगतंय.”

त्याच दुपारी बहिणीने आईसाठी दुसरी पिशवी शिवली. आईचा पासपोर्ट आणि पत्ता तिच्या कमरेला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून ती म्हणाली, “समुद्रार चललंय. त्या म्हाताऱ्याक मासळी काय गावली ती बघून येतंय.” मी ‘ये गो’ म्हणालो आणि भाच्याला झोपवलं.

ती सवय ती मालवणला घेऊन आली. आता आई विहिरीवर निघाली तरी वाडीला कळतं. परवा माझ्या मावशीकडे जायला निघाली तेव्हा मास्तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी तिला पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आई त्यांच्यापुढे जाऊन थांबली.

“मास्तर, तारकर्लेक चललंय. तुमी इचारलात नाय हां, मीच सांगलंय.”

मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “एसटी थांबवू?”