काचेवरची अक्षरं

पिकलेल्या चिकूचा वास आला की मला तो जुना टॅब आठवतो. अर्धांगवायूनंतर बायकोची वाचा गेली होती आणि डाव्या हाताच्या एका बोटाने ती त्यावर मराठीत लिहून बोलायची. टॅब फार अडकायचा. एकेका शब्दासाठी मला ताटकळावं लागायचं. वाणगावच्या भाचीने फोनवर टॅबमध्ये नव्याने टाकायला दोन फुकटच्या, ओपन सोर्स सिस्टीम सुचवल्या. "मामा, जड असली तरी पहिलीच टाका. दुसरीत मराठी कीबोर्ड नाही, मामी लिहिणार कशी?" "अगं, तुझी मामी दोन शब्द लिहीपर्यंत बोर्डीची बस जाऊन परत येते," मी म्हणालो आणि दुसरी, हलकी सिस्टीम टाकली. टॅब खरंच पळायला लागला, पण कीबोर्ड फक्त इंग्रजी, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. "रविवारी भाची येऊन बदलून देईल," मी तिला सांगितलं. त्या दुपारी खिडकीखाली चिकूचे क्रेट भरत होते. मी तिच्या हातात दिलेल्या चिकूच्या फोडीने चिकट झालेलं बोट तिने टॅबच्या बंद काचेवर हळूहळू फिरवलं, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काच कशाला घाण करतेस?" म्हणत मी ती पंच्याने पुसली. तिने पुन्हा बोट उचललं नाही. रविवार यायच्या आत ती गेली. मुलांना मी सांगितलं, शेवटी तिनेच लिहिणं सोडलं होतं. ते खरं नाही. आता टॅबवर ती पहिली सिस्टीम आहे. मराठी कीबोर्ड उघडायला वेळ लागतो, आणि मी वाट बघत बसतो.