योहान दाजी आणि गोविंदरावांची विहीर

आमची इंजिनिअर कंपनी तेव्हा ईशान्येत रस्ता काढत होती. मी हवालदार होतो, योहान माझ्या हाताखाली नाईक. तो नायगावकडचा, मी अहमदपूरजवळच्या खेड्यातला. दोघंही ख्रिस्ती. पुढे माझी धाकटी बहीण सुशीला त्याला दिली. मग युनिटमध्ये मी त्याला हुकूम सोडायचो आणि गावात दाजी म्हणायचो.

ईस्टरनंतर हा माणूस सहन व्हायचा नाही. आम्ही बाकीचे रविवारी उपासना करायचो, गोड खायचो आणि सोमवारी आपापल्या कामाला लागायचो. योहानचा सण पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पुढचे सात आठवडे, चालायचा. आजारी जवानाची गार्ड ड्यूटी हा घ्यायचा. लंगरची, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली, भांडी घासायला हाच पुढे. वर माझंही नाव द्यायचा.

"का रे?" मी विचारायचो.

"प्रभू उठला ना, हवालदारसाब."

"म्हणून मी पहाटे उठायचं?"

"उठायचं तर हायच की."

एका वर्षी आम्ही दोघं ईस्टरला एकदमच रजेवर माझ्या गावी आलो; सुशीला तेव्हा माहेरीच राहत होती. दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कुठली कचेरी कुठं बसते हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, टँकरची मात्र सगळे वाट बघत होते. आमच्या गल्लीतली विहीर कोरडी पडलेली. पाणी फक्त गावातले मोठे जमीनदार गोविंदराव यांच्या विहिरीला, तेही तळाशी. ते आमच्या बायकांना सगळ्यांत शेवटी भरू द्यायचे. शेवटी बहुतेक चिखलच उरायचा. सुशीला तो फडक्यातून गाळून घ्यायची.

ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, पुनरुत्थानाचे साक्षीदार व्हा. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दुसऱ्या दिवशी दाजी थेट गोविंदरावांच्या घरी जाऊन आले.

"विहीर खोल करून देतो म्हणालो," ते म्हणाले. "दगड वर काढायची यारी हाय त्यांच्याकडं, सुरुंगवाला बी येतो. आपण दोघं लागलो की होतंय."

"आपण दोघं?"

"तुमचं नाव दिलं, पाव्हणं."

माझं डोकं फिरलं. "दाजी, ज्यानं आपल्या बायकांना चिखल पाजला, त्याच्यासाठी रजा घालवायची? निदान सगळ्यांना पाणी देईन असं कबूल तरी करून घ्या आधी."

"उठल्यावर प्रभू कुणाकडं गेला? त्याला सोडून पळालेल्या शिष्यांकडंच ना? त्यांच्याकडनं आधी काय कबूल करून घेतलं त्यानं?"

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी टिकाव घेतला.

भर उन्हात आम्ही खडक फोडला. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरची क्रेन. तिच्या लोखंडी डब्यातून दगड वर काढले. गोविंदराव छत्री धरून काठावर बसायचे आणि चुका काढायचे. आम्हाला प्यायला पाणी हवं का, हे एकदाही विचारलं नाही. दाजी गाणं गुणगुणायचे. त्याचाही मला वैताग यायचा.

शेवटच्या दुपारी सुरुंगवाल्याने भोकं भरली, वाती पेटवल्या आणि तो वर आला. एक सोडून सगळे सुरुंग उडाले. मिसफायर. अशा वेळी थांबायचं असतं, कारण आत वात धुमसत असू शकते. फौजेत हे सुरुवातीलाच शिकवतात. मी ओरडलो, "कुणी खाली उतरायचं न्हाई!"

सुरुंगवाला आणि मी लोकांना मागे हटवत होतो. तेवढ्यात विहिरीतून आवाज आला, "वात इझली की हो!"

वळून पाहिलं तर गोविंदराव दोर धरून तळाशी पोचले होते.

"मामा, वर या!" दाजी ओरडले.

"अरे, पाणी लागलंय पाणी!"

तेव्हाच कोपऱ्यातल्या भोकातून धुराची रेघ निघाली. दाजींनी दोर धरला.

"योहान, थांब! हुकूम आहे!" गावात मी त्याला पहिल्यांदाच हुकूम दिला.

"म्हातारं माणूस हाय, हवालदारसाब," एवढंच म्हणाला आणि सर्रकन खाली गेला.

वर यायला वेळ नव्हता. त्याने तळाशी असलेला यारीचा मोठा डबा आडवा पाडला, गोविंदरावांना आत कोंबलं आणि डब्याच्या तोंडाशी स्वतः सुरुंगाकडे पाठ करून बसला. मग सुरुंग उडाला.

गोविंदरावांचा हात मोडला. दाजींना आम्ही जीपमध्ये घालून अहमदपूरकडे निघालो. ते वाटेतच गेले.

मला राग आला होता. गोविंदरावांचा, पाळकसाहेबांचा, देवाचा, आणि सगळ्यांत जास्त दाजींचा. मातीच्या दिवशी गोविंदराव हात गळ्यात बांधून आले आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांना हाकलायची मी तयारी केली होती. सुशीला माझ्या आधी उठली.

"काका, उन्हात कशाला उभे? आत या. माती द्या."

नवरा तसा, बायकोही तशीच. म्हातारा आत आला, माती टाकली आणि तिथंच बसून हुंदके देऊ लागला. मी तोंड फिरवलं.

विहिरीला पाणी लागलं. कुणी आधी भरायचं आणि कुणी शेवटी, हे गोविंदरावांनी बंद केलं. जो येईल तो भरेल. ते असेपर्यंत तसंच चाललं. लोक म्हणतात, बघा, योहानच्या जाण्याचं चीज झालं. मला ते ऐकवत नाही. मला तो माणूस हवा होता.

रेजिमेंटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. मी जाऊन विचारलं. रजेवर मृत्यू, ड्यूटीवर नव्हता, असं सांगितलं गेलं. मी वाद घातला नाही. पण इथे सांगून ठेवतो. नाईक योहान त्या दुपारी ड्यूटीवर होता. मी त्याचा हवालदार होतो, मला माहीत आहे.