जय संवत्सरातला घोडा

आम्ही परदेशात राहतो त्या जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीत चिनी नववर्षाचा कार्यक्रम होता. माझ्या लेकीच्या चिनी मैत्रिणीची आजी तिथे ब्रशने लाल कागदावर ज्याच्या त्याच्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं चिनी अक्षर काढून देत होती. आजींना इंग्लिश येत नाही, म्हणून नात शेजारी उभी राहून लोकांना जन्मसाल विचारायची आणि त्यांना सांगायची. लेक, माझी आई आणि मी रांगेत होतो. आमचा नंबर आला तसं मी आईच्या पासपोर्टवरचं साल सांगून टाकलं.

"ड्रॅगन!" ती मुलगी आनंदाने ओरडली. तिच्या मते चिनी वर्षांच्या बारा प्राण्यांमधला हाच सगळ्यात भारी.

आजींनी सुरेख अक्षर काढून कागद पुढे केला. आईने तो घेतलाच नाही.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "ते साल मास्तरांनी लिहिलेलं. शाळेत लवकर घ्यायचं म्हणून वय दोन वर्षांनी वाढवून लावलं."

"अगं आई, मागे रांग आहे. घे ना, छान आहे."

"छान असेल. पण माझं नाही ना."

मला ओशाळल्यासारखं झालं. खरं साल कुठलं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"मग तुझं कुठलं?"

"जय संवत्सर. श्रावणातला जन्म. आई सांगायची."

लेकीने ते जमेल तसं मैत्रिणीला इंग्लिशमधून सांगितलं आणि तिने आजीला. आजींनी ब्रश खाली ठेवला. आईने उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर टेकवला आणि सुरुवात केली, "जय, मन्मथ, दुर्मुख, हेमलंबी..." एका नावाला एक पेर. चारही बोटांची बारा पेरं संपली तेव्हा ती विश्वावसूवर, म्हणजे चालू वर्षावर आली होती. "आता पाडव्याला लागेल ते वर्ष पुन्हा पहिल्या पेरावर," ती म्हणाली. मुलींनी तेही आजींपर्यंत पोहोचवलं.

आजी एकटक बघत होत्या. त्यांनीही आपला अंगठा तसाच पेरांवर फिरवला. त्यांच्याकडेही वर्षं अशीच मोजतात म्हणे. मग हात लांबवून त्यांनी आईच्या पहिल्या पेराला बोट लावलं.

"मा!"

"मला आई म्हणतायत का?" आईने विचारलं.

"नो आजी, मा इज हॉर्स!" माझी लेक हसत सुटली. नुकतंच लागलेलं चिनी वर्ष घोड्याचं होतं, म्हणजे आईचं पहिलं पेरही घोड्याचंच.

मी इंजिनिअर. मी फोन काढून पडताळून पाहिलं. संवत्सरं साठ, म्हणजे बाराचे बरोबर पाच फेरे. जय संवत्सर घोड्याच्याच वर्षात येत होतं. सातवी शिकलेल्या माझ्या आईने ते कागद-पेन्सिलीशिवाय काढलं होतं, आणि तेही हातात आलेला ड्रॅगन नाकारून.

आजींनी घोडा काढून दिला. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष जपून काढायचं असतं म्हणून आईच्या मनगटावर लाल दोराही बांधला. आईने दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले.

रांगेत मागे एक मराठी काका उभे होते. "ताई, माझीही तारीख मास्तरांचीच आहे," ते म्हणाले. "संवत्सर ठाऊक आहे, विलंबी. बघता का जरा?"

आजींनी शेजारची खुर्ची ओढून आईला बसायची खूण केली. आईने पर्स माझ्याकडे दिली, पदर सावरला आणि ती टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली. मी बाजूला उभी राहिले. कोणीतरी विचारलं, "त्या कोण?"

"माझी आई," मी जरा मोठ्यानेच म्हणाले.